गादीवाफा : आपल्या काळ्या मातीतील परसबाग

(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



मी काही बोलणारी बाई नव्हे. शिक्षण म्हणाल तर सातवीपर्यंत झालेले. कार्यवाहबाई दोन वेळा घरी येऊन गेल्या. तिसऱ्या वेळी परसात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही ही भाजी कशी पिकवता तेवढेच सांगा. बाकी काही सांगू नका." तेवढे मला सांगता येईल असे वाटले, म्हणून उभी राहिले आहे. चुकले तर आपलीच समजून सांभाळून घ्यावे.

आपण सगळ्या परभणीच्या. आपल्या पायाखालची माती कशी आहे ते मी सांगायला नको. पावसाळ्यात अंगणातून दारात येईपर्यंत चपलेला शेरभर चिखल चिकटतो आणि चप्पल तिथेच राहून पाय पुढे येतो. वैशाखात त्याच अंगणात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. माझ्या धाकटीचा चमचा एकदा भेगेत गेला तो पुन्हा निघालाच नाही. अशी ही माती. कपाशी, सोयाबीन, तूर पिकवावी तर हिनेच. परंतु दारात चार वाफे करून मेथी-पालक लावू म्हटले, की ही हट्टाला पेटते. "आमच्या मातीत भाजी येत नाही," हे वाक्य मी आपल्या गल्लीत किती जणींच्या तोंडून ऐकले आहे! मीही तेच म्हणत होते. ते खरे नाही, एवढेच आज सांगावयाचे आहे. मात्र हे शिकायला मला दोन वेळा तोंडघशी पडावे लागले, तेही सांगते. कारण नुसते यश सांगितले तर तुम्ही माझ्याच चुका पुन्हा कराल.

२०२० सालची टाळेबंदी कोणी विसरली नसेल. आमचे हे शाळेच्या मुलांची गाडी चालवीत. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि गाडी दारात उभी राहिली. घरात आम्ही दोघे, दोन मुली आणि सासूबाई. घरामागे अठ्ठावीस फूट लांब आणि वीस फूट रुंद अशी मोकळी जागा होती. ह्यांच्या मनात तिथे फरशी घालून पत्र्याच्या दोन खोल्या काढाव्या आणि भाड्याने द्याव्या असे होते. उसनवारीने पैसेही उभे राहणार होते. ह्यांचे म्हणणे वावगे नव्हते. पण मला त्या दिवसांत भाजीवाल्याची हाक आली की पोटात गोळा येई. मी म्हटले, "मला एक वर्ष द्या. अक्षय्यतृतीयेपर्यंत. तोवर फरशी नको." हे काही बोलले नाहीत. बोलले नाहीत म्हणजे हो, असे मी धरले.

मृग लागला तशी मी जागा खणली, सपाट वाफे पाडले आणि मेथी, पालक, कोथिंबीर टाकली. आठ दिवसांत सगळे हिरवे झाले. मी शेजारच्या काकूंना बोलावून दाखवले. पुढे आर्द्रात तीन दिवस झड लागली. वाफ्यांत पाणी उभे राहिले. चौथ्या दिवशी ऊन पडले तेव्हा सारी रोपे बुडाशी काळी होऊन आडवी पडलेली होती. उपटावे तर मुळाच्या जागी नुसता कुजका धागा हाती येई. काकूंनी विचारले, "काय झाले हो तुमच्या मेथीचे?" मी म्हटले, "खाल्ली." भगिनींनो, खोटे बोलले.

मग मला वाटले, दोष मातीचा आहे. तेव्हा माती बदलावी. भिशीचे पैसे आले होते. त्यातले दोन हजार दोनशे रुपये देऊन मी एक ट्रॉली लाल माती आणवली. काळ्या जमिनीत दोन फूट खोल खड्डे घेतले, त्यांत ती माती भरली आणि गणपतीच्या सुमारास वांगी, मिरची, टोमॅटोची रोपे लावली. त्या वर्षी सप्टेंबरात आपल्या मराठवाड्यात किती पाऊस झाला ते आठवत असेलच. खड्डे भरले आणि रिकामे होईनात. भोवतालची काळी माती घड्याच्या बुडासारखी घट्ट. पाणी जावे कुठे? माझ्या विकतच्या मातीची आंबील झाली. रोपे गेली, पैसेही गेले. ह्यांना ट्रॉलीची किंमत मी दीड हजार सांगितली होती, तेही दुसरे खोटे. त्या रात्री खरा आकडा सांगितला. हे उठून बाहेर गेले आणि बराच वेळ ओट्यावर बसून राहिले. ओरडले असते तर बरे वाटले असते.

आता सासूबाईंचे सांगते. त्या वसमतकडच्या, हळदीच्या मुलखातल्या. आमची तिकडे चार एकर जमीन होती. मामंजींच्या आजारपणात ती विकावी लागली आणि पुढे मामंजीही गेले. तेव्हापासून सासूबाईंनी मातीत हात घातला नव्हता. परसात येत, पण कडेच्या बाजेवर पाठ करून बसत. मी दोन वेळा लावले आणि दोन वेळा नासवले, ते सगळे त्यांनी पाहिले होते आणि एक शब्द काढला नव्हता. त्या दिवशी मी खड्ड्यातले पाणी तांब्याने उपसत होते. त्या एकदम म्हणाल्या, "माय, काय करू लालीस? काळीत खड्डा खंदला का हौद झाला. पिकाला वर गादीवर बसीव, पानी खाली ऱ्हाऊ दे. हळदीला काय करतेत तिकडं?"

मी म्हटले, "काय करतात?"

"गादीवाफा करतेत."

एवढ्या एका शब्दावर माझी बाग उभी आहे. गादीवाफा म्हणजे जमिनीच्या वर उचललेला वाफा. सपाट वाफ्यात पीक खाली आणि पाणी वर. गादीवाफ्यात पीक वर आणि पाणी खाली. वसमतकडे हळद अशीच लावतात. कांद्याची, मिरचीची रोपे अशाच वाफ्यावर वाढवतात. आपल्याकडे हे नवे नाही. आम्हीच शहराच्या कडेला येऊन विसरलो.

पुढे मी आपल्या कृषी विद्यापीठाच्या खरीप मेळाव्याला गेले, तेव्हा त्याच विचाराचे मोठे रूप पाहिले. आपले विद्यापीठ १९७२ साली निघाले, आणि हैदराबादजवळ पाटणचेरू येथील इक्रिसॅट ही संस्थाही त्याच सालची. त्या संस्थेने काळ्या जमिनीसाठी रुंद वरंबा आणि शेजारी सरी अशी पद्धत बसवली. दीड मीटरात एक वरंबा आणि एक सरी. जास्तीचा पाऊस सरीने निघून जातो आणि पाऊस ओढला तर वरंब्यातली ओल पिकाला पुरते. आपल्याकडे सोयाबीनला बीबीएफ म्हणून जे यंत्र चालते, ते हेच करते. ते पाहून मी मनात म्हटले, आमच्या सासूबाईंनी बाजेवर बसून हेच सांगितले होते.

आता ही माती अशी का वागते ते थोडक्यात सांगते. कारण कळले म्हणजे कृती लक्षात राहते. आपली काळी माती काळ्या पाषाणाच्या झिजेतून झालेली. तिचे कण अतिशय बारीक, आणि त्यांना पाणी लागले की फुगण्याचा गुण. फुगले की मधल्या बारीक वाटा बंद होतात. पाणी खाली जात नाही आणि हवा आत येत नाही. मुळांनाही श्वास लागतो, बायांनो. तो मिळाला नाही म्हणजे ती गुदमरतात आणि मग कुजतात. वाळताना हेच कण आक्रसतात, भेगा पडतात आणि कोवळी मुळे ताणून तुटतात. म्हणजे माती वाईट नाही. तिच्यात चुना, पालाश भरपूर आहे. ओल धरून ठेवण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. कमी आहे ते कुजलेले खत आणि हवा. आपण तेवढेच द्यावयाचे.

त्यासाठी पहिली गोष्ट म्हणजे वाफसा. हा शब्द सगळ्यांनी गाठीला बांधावा. ओल्या काळ्या मातीत खोरे घातले तर तिचे ढेकूळ वाळून विटेसारखे होते आणि त्या हंगामात फुटत नाही. अगदी वाळल्यावर खणावे तर टिकाव उसळून येतो. मधले दोन-चार दिवस आपले. मूठभर माती घ्यावी, दाबून लाडू वळावा आणि कमरेइतक्या उंचीवरून खाली सोडावा. फुटून मोकळा झाला तर वाफसा आला. थापटीसारखा बसला तर थांबावे. लाडू वळलाच नाही तर पाणी शिंपडून एक दिवस वाट पाहावी. माझ्या सासूबाईंना लाडू लागत नसे. त्या पायाच्या अंगठ्याने सांगत.

दुसरी गोष्ट, वाफ्याचे माप. रुंदी साडेतीन फूट, म्हणजे दोन्ही बाजूंनी बसून हात मध्यापर्यंत पोचतो. लांबी जागेप्रमाणे, माझे वाफे दहा फुटांचे आहेत. दोन वाफ्यांमध्ये दीड फूट वाट. उंची बसून झाल्यावर वीतभर राहिली पाहिजे. माती विकत आणावी लागत नाही. आधी वाफ्याची जागा टिकावाने वीतभर खोल मोकळी करावी. ही पायरी कोणी टाळू नये. टणक जमिनीवर नुसता ढीग घातला तर पाणी त्या सांध्यावर अडते. मग वाटेतली वरची माती खणून वाफ्यावर ओढावी. वाट खाली गेली, वाफा वर आला. एका कामात दोन कामे. वाटांना किंचित उतार देऊन त्यांचे तोंड एका कोपऱ्यात काढावे आणि तिथे केळ लावावी. पावसाचे जास्तीचे पाणी केळ पिते.

तिसरी गोष्ट, खत. दोन घमेली मातीला एक घमेले चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत. ताजे शेण घालू नये. मुळे भाजतात आणि हुमणीची अळी येते. आमच्या गल्लीच्या टोकाला गोठा आहे. मी तिथून जुन्या उकिरड्यातले, हातात घेतले तर वास येत नाही असे खत आणते. ते चुकवायला पैसे नसत, म्हणून त्यांच्या घरच्या पापड-कुरडयांना मी दोन दिवस जात असे. वाफ्यात दर हंगामाला दोन-तीन घमेली खत पुन्हा घालावे लागते, कारण गादी बसत जाते. तिसऱ्या वर्षी माती अशी झाली की खुरपे न घेता नुसत्या बोटांनी मुळा निघतो. एका वर्षात होत नाही. धीर धरावा लागतो.

काय घालू नये तेही सांगते, कारण चांगल्या मनाने केलेल्या चुका जास्त होतात. काळ्या मातीत थोडी वाळू घालू नये. घराच्या भिंतीला लागते तशी वाळू-चिकणमाती एकजीव होऊन कडक बसते. चुलीची राख आणि चुना घालू नये. मी माती तपासून आणली तेव्हा तिचा सामू ८.२ निघाला, म्हणजे ती मुळातच अल्कधर्मी. राखेने तो आणखी चढतो. अशा मातीत कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हे लोहाची कमतरता असल्याचे लक्षण आहे. माती भुकेली नसते, तिला देता येत नाही. कुजलेले खत वाढवले की बरेच सुधारते. साबणाचे पाणीही वाफ्याला नको. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले पाणी खुशाल घालावे.

चौथी गोष्ट सगळ्यांत सोपी आणि सगळ्यांत अवघड : वाफ्यावर पाय द्यायचा नाही. मोठ्यांनी नाही, मुलांनी नाही, कपडे वाळत घालतानासुद्धा नाही. काळी माती एकदा तुडवली की वर्षाची मेहनत गेली. माझ्या मुलींना हे शिकवायला वाफा करण्यापेक्षा जास्त दिवस लागले.

त्या वर्षी दसरा झाल्यावर वाफसा आला आणि मी पाच गादीवाफे केले. सासूबाई बाजेवरून उठल्या, पदर खोचला आणि वाफ्याची कड हाताने थापून उताराची केली. सात वर्षांनी त्यांच्या नखांत माती गेली होती. मी काही बोलले नाही. त्याही बोलल्या नाहीत. दोघींनी मिळून आडव्या ओळींत मेथी, पालक, मुळा, लसूण लावला, धने रगडून टाकले, आणि दोन वाफ्यांवर टोमॅटो, वांगी, मिरचीची महिन्याची रोपे लावली. दिवाळीनंतर पहिली मेथी निघाली. मी एक जुडी शेजारच्या काकूंना नेऊन दिली आणि जूनमधले खोटे कबूल केले. त्या म्हणाल्या, "मला माहीत होते. वास येत होता."

आता हिशेब. मी वही ठेवली होती. अक्षय्यतृतीयेला ती ह्यांच्यापुढे ठेवली. मेथी ३१ जुड्या, पालक ४०, कोथिंबीर २५, टोमॅटो ४६ किलो, वांगी २२ किलो, मिरची ३ किलो, शिवाय मुळा आणि लसूण. बाजारभावाने २,८७० रुपये झाले. खर्च : माती २,२०० , बियाणे १४०, टिकावाचा दांडा ८०, एकूण २,४२०. शिल्लक ४५० रुपये. सहा महिन्यांच्या कष्टाचे साडेचारशे! ह्यांनी वही वाचली आणि हळूच म्हटले, "एक खोली महिन्याला दीड हजार देईल." आकडा माझ्याच हातचा होता. मी गप्प बसले. खरोखर बोलण्यासारखे काही उरले नव्हते.

तेव्हा सासूबाई बोलल्या. म्हणाल्या, "चार एकर गेली तवा म्या काही म्हनले न्हाई. दुखणं होतं. आता एक खोली बांध, दोन नको बांधू. उरल्यात काळी ऱ्हाऊ दे." हे बराच वेळ जमिनीकडे पाहत होते. मग म्हणाले, "एकच बांधतो."

तर अशी एक खोली झाली. दोन वाफे तिच्याखाली गेले आणि तीन राहिले. खोलीचे भाडे संसाराला लागते, ते मी नाकारत नाही. भाजीने आम्ही श्रीमंत झालो असे सांगण्यासाठी मी इथे उभी नाही. पण माझ्या थोरलीचे रक्त शाळेच्या तपासणीत आठ ग्रॅम निघाले होते, ते पुढच्या वर्षी साडेअकरा झाले. डॉक्टरांच्या गोळ्या होत्याच, त्यांचे श्रेय त्यांना. परंतु पाव किलो पालक विकत आणून पाच माणसांत वाटणे वेगळे आणि परडी भरून खुडून आणणे वेगळे, हे तुम्ही सगळ्या जाणता. लिंबू पिळून, शेंगदाण्याचा कूट लावून ती पोर पालक खाऊ लागली, कारण तो तिने लावलेला होता.

आणखी एक चूक सांगायची राहिली. २०२१ च्या उन्हाळ्यात खोलीच्या बांधकामातल्या विटा उरल्या. मला हौस आली. मी वाफ्यांना विटांची कड केली आणि शोभेसाठी सिमेंटने सांधे भरले. दिसायला सुरेख! पहिल्या मोठ्या पावसात वाफ्याचे टाके झाले. त्याच आठवड्यात माहेरी जाणे झाले. तिथे दादाने नाडेप खताचे टाके बांधले आहे. पुसदचे नारायणराव पांढरीपांडे, ज्यांना लोक नाडेपकाका म्हणतात, त्यांची ही पद्धत : थोड्या शेणात पुष्कळ काडीकचरा कुजवायचा आणि टाक्याच्या विटांत मुद्दाम भोके ठेवायची, म्हणजे आत हवा खेळते. ती भोके पाहिली आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. घरी येऊन छिन्नीने प्रत्येक दोन विटांमागे एक सांधा फोडला. खालच्या थराला फटी राहू द्या, एवढे लक्षात ठेवा. विटा नसल्या तरी अडत नाही. कड उताराची थापली तरी वाफा उभा राहतो.

गादीवाफ्याचा एक दोष आहे, तो लपवीत नाही. तो उन्हाळ्यात लवकर वाळतो. आपल्याकडे मे महिन्यात बेचाळीस अंशांवर पारा जातो आणि नळाला पाणी रोज येत नाही. त्यावर दोन उपाय आहेत. एक, आच्छादन. सोयाबीनची गुळी, वाळला पाला, तुरीचे भुसकट यांचा चार बोटे थर रोपांभोवती पसरावा. तो मातीत मिसळू नये. कच्चा काडीकचरा मिसळला की रोपे पिवळी पडतात. वर पसरला की ओल टिकते, भेग पडत नाही आणि पुढे त्याचेच खत होते. पावसाळ्यात मात्र थर पातळ करावा, नाहीतर गोगलगाई घर करतात. संध्याकाळी वेचून मिठाच्या पाण्यात टाकाव्या. दुसरा उपाय मडक्याचा. न भाजलेले नव्हे, भाजलेले, पण रंग न दिलेले साधे मडके गळ्यापर्यंत वाफ्यात पुरावे, पाण्याने भरावे आणि वर झाकणी ठेवावी. मडके झिरपते आणि भोवतालची काकडी, गवार, चवळी आपल्या गरजेपुरते पिते. मी तीन दिवसांनी मडकी भरते.

काय केव्हा लावावे ते थोडक्यात : मृगात भेंडी, गवार, चवळी, अंबाडी, आणि कुंपणाला दोडका, कारले, दुधी. दसऱ्यानंतर मेथी, पालक, चाकवत, कोथिंबीर, मुळा, गाजर, लसूण. उन्हाळ्यात राजगिरा, तांदुळजा, काकडी. भेंडीचे बी रात्रभर भिजवून लावावे. आणि भेंडीत आपली परभणी क्रांती जरूर लावा. भेंडीची पाने शिरांपासून पिवळी पडतात त्या रोगाला तोंड द्यावे म्हणून ही जात आपल्याच विद्यापीठात काढली गेली. मराठवाड्याबाहेरही ती गेली, आणि गावाचे नाव घेऊन गेली. मी हे पाकिटावर प्रथम वाचले तेव्हा मला, का कोण जाणे, फार बरे वाटले.

शेवटी एक विनंती करते. ज्यांच्याकडे परस नाही त्यांनी एक वाफा, साडेतीन फूट बाय चार फूट, एवढाच करून पाहावा. ज्यांच्याकडे परस आहे त्यांनी फरशी घालण्याआधी एक हंगाम थांबावे. सगळी फरशी घालू नका एवढेच म्हणते. घरात वडीलधारी बाई असेल तर आधी तिला विचारा. मी सासूबाईंना पहिल्याच दिवशी विचारले असते तर माझे दोन हजार दोनशे वाचले असते. शहरात येऊन आपल्याला वाटते, म्हाताऱ्यांना आता काय विचारायचे! त्यांना वाटते, विचारल्याशिवाय कशाला सांगायचे! मध्ये माती नासते.

येत्या संक्रांतीला मंडळाच्या हळदीकुंकवाचे वाण माझ्याकडून राहील. प्लास्टिकच्या डब्या नकोत. प्रत्येकीला मेथीची आणि धन्यांची एकेक पुडी देईन. जिला वाफा करायचा असेल तिच्याकडे टिकाव घेऊन मी स्वतः येईन. चहा मात्र तुमचा.

सासूबाई आता अंथरुणावर असतात. परसापर्यंत येववत नाही. सकाळी मी चहा घेऊन गेले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "वाफसा आला का?" आला असला तर मी एक लाडू वळून त्यांच्या हातावर ठेवते. त्या दाबून पाहतात आणि सांगतात. अजून एकदाही चुकल्या नाहीत.